मिठाचा वास

वालाच्या शेंगा आल्या. काल भाजीवाल्याने खाली हातगाडीवर ढीग ओतला. मी उतरले, दोन शेंगा उचलल्या आणि सवयीने नाकाला लावल्या. काही आलं नाही. शेंग थंड होती, कडेने खरखरीत होती, एवढंच.

"काकी, ताजा माल आहे. हुंगून काय बघता?"

"तुझा माल नाही बघत. माझं नाक बघतेय."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. मी अर्धा किलो घेतल्या आणि वर आले.

आज रविवार. सुनेने, वैशालीने, सकाळी अख्खी कोंबडी तिच्या भट्टीत ठेवली. भट्टी म्हणजे काचेच्या दाराची विजेची पेटी. तिच्यात कोंबडी फिरत नाही, नुसती पडून राहते आणि तांबूस होते. तासाभराने वैशालीने कोंबडी ताटात काढली. खालच्या ट्रेमध्ये तपकिरी पाणी साचलं होतं, वर तेलाचे डोळे तरंगत होते. ती ट्रे घेऊन बेसिनकडे निघाली.

"ओतू नकोस गं," मी म्हटलं. "त्याचाच रस्सा करायचाय."

"तेच करणार आहे आई. वरचं तेल फक्त काढत होते. मोबाइलवर बघितलंय मी. मैदा घालायचा त्यात."

"तांदळाचं पीठ घाल. आणि तेल टाकू नकोस, पीठ त्याच तेलात भाजायचं. आधी जरा निवू दे, तेल आपोआप वर येईल."

तिने ट्रे ओट्यावर ठेवला. आम्ही दोघी बघत राहिलो. तेल सावकाश वर येतं. त्याला घाई केलेली चालत नाही.

मोबाइलवरची बाई काय सांगते ते मला माहीत नाही. माझी सासू हे काम शहाडला, नदीकाठच्या वावरात, मातीच्या परळात करायची. परळ म्हणजे उथळ मातीची वाटी. थंडीत वाल भरले की आमच्याकडे पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डी या वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मधे केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, थराथराला जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. सगळे एवढंच करतात. सासूची रीत एका गोष्टीने वेगळी होती. ती मडक्याच्या तोंडाखाली जमिनीत वीतभर खड्डा करायची आणि त्यात परळ ठेवायची. कोंबडीतून जे गळेल ते पाल्यातून गाळून त्या परळात उतरायचं. त्याला आम्ही निथळ म्हणतो. मडकं उचललं की परळात तळाला काळसर पाणी आणि वर पिवळी चरबी. कोंबडी पुरुष खातात, शेंगा पोरं खातात, पण खरा जीव त्या परळात असतो, असं सासू म्हणायची. स्वतः कधी दोन घासांच्या वर खाल्लं नाही तिने, तरी म्हणायची.

हे रोजचं जेवण नव्हे. ही राखण. भात कापून झाला, वाल भरला की वावराच्या बांधावरच्या देवाला एक कोंबडा द्यायचा. तो वर्षभर बांध राखतो, त्याचं हे देणं. देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड, गुडघ्याएवढा. आता वावर म्हणायला दोन वाफे उरलेत, तिन्ही बाजूंनी इमारती आहेत आणि देवाच्या पाठीशी कुणाच्या तरी पार्किंगची भिंत आहे. पण दगड आहे तिथेच आहे, म्हणून राखणही आहे. देवाला पानावर भात, भाजलेल्या कोंबड्याचा तुकडा आणि निथळीचा रस्सा. रस्सा करायचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. सासूनंतर तो माझा. चाळीसेक वर्षं मी तो केला.

त्या रस्स्याला एक अट आहे. देवाने खाल्ल्याशिवाय करणारीने चाखायचं नाही. चाखलं तर उष्टं झालं. सासू मला बजावायची, "जी चाखंल, तिच्या हातचं पुढं कोनी खात नाय." मग मीठ कसं कळायचं? वासावर. लोक म्हणतात मिठाला वास नसतो. नसेल. पण मीठ पडलं की बाकीच्यांचा वास जागा होतो. अळणी रस्सा नुसता चरबीचा वास मारतो. मीठ बरोबर झालं की लसूण वेगळा, पाला वेगळा, कोंबडी वेगळी, असे सुटे सुटे वास येतात. आणि मीठ जास्त झालं की ते सगळे परत एकात एक बुडतात. हे मला सासूने तोंडाने शिकवलं नाही. टोपावर मान वाकवून उभी करायची आणि विचारायची, "आला का?" मी "नाय" म्हटलं की आणखी एक चिमूट. एके दिवशी आला.

मी चौथी शिकले. त्यापुढचं माझं शिक्षण एवढंच, नाकाचं.

ते नाक दोन वर्षांपूर्वी गेलं. दिवाळी नुकती झाली होती. ताप आला, आठ दिवस अंगात राहिला आणि जाताना वास घेऊन गेला. मला लगेच कळलंसुद्धा नाही. कल्याणच्या बाजारात लसूण घ्यायला गेले. तिथे लसणाची आणि सुक्या मिरचीची पोती रचलेल्या गल्लीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं, अशी ती गल्ली. मी या टोकाकडून त्या टोकाला गेले आणि मला वाटलं, आज दुकानं बंद आहेत की काय. दुकानं उघडी होती. लोक शिंकत होते.

पहिले काही दिवस मजाही वाटली, खोटं का बोलू. नाल्याच्या पुलावर रिक्षात बाकीचे नाकाला रुमाल लावायचे आणि मी ऐसपैस बसून असायचे. मग एकेक कळत गेलं. मी माणसांना वासाने ओळखत होते, हे मला माहीतच नव्हतं. मुलगा दिनेश माजिवड्याहून कामावरून आला की दाराशीच घाम, गाडीचं ऑइल आणि पानाची सुपारी असा एक वास घरात यायचा. मग मी न बघता म्हणायचे, "परत सुपारी खाल्लीस ना?" आता तो येऊन मागे उभा राहिला तरी मी दचकू लागले. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याची घोंगडी मी ट्रंकेत ठेवली आहे. ती काढून तोंडाला लावली. लोकर टोचली. घडी करून परत ठेवली. त्यात रडण्यासारखं काही नाही. लोकर टोचतेच.

पण ओट्याशी मला भीती वाटू लागली, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी कुकर ठेवून झोपले होते, डाळीचा कोळसा झाला होता. तेव्हा दिनेश म्हणाला होता, "आई, आणखी एकदा असं झालं ना, तर तू गॅसला हात लावायचा नाहीस. दुपारचा डबा लावतो तुला."

डबा. पंचेचाळीस वर्षं मी या घराला जेवू घातलं, आणि मला दुपारी कुणीतरी दारात डबा ठेवून जाणार. तो मी उघडणार, त्यात गार पोळ्या आणि पिवळं वरण. माझ्यासाठी याच्याहून वाईट काही नव्हतं. म्हणून मी गप्प बसले आणि कानावर स्वयंपाक करायला लागले. मोहरी तडतडते ते ऐकू येतं. कांदा कच्चा असतो तेव्हा चुरचुरतो, लाल झाला की गप्प होतो. पीठ भाजताना आधी उलथनं जड जातं, मग हलकं होतं. भाजी झाली की वैशालीला सहज विचारल्यासारखं विचारायचे, "बघ गं, आज मसाला वेगळा घातलाय." ती म्हणायची, "नेहमीसारखाच लागतोय की." मी मनात म्हणायचे, चला, आजचा दिवस गेला.

मग तो एक दिवस. दिवस बुडायची वेळ होती. दिनेश आणि वैशाली दोघं कामावर. मी बारीक आचेवर दूध ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत शेंगा निवडत बसले. दूध उतू गेलं, त्याने जाळ विझला. ते मला ऐकू आलं नाही. दिवेलागण झाली म्हणून उठले. देव्हारा स्वयंपाकघरातच आहे, फ्रिजशेजारी. निरांजन ओढलं, वात सारखी केली, काडी पेटीच्या कडेला टेकवली, आणि दाराची बेल वाजली. एकदा नाही, लागोपाठ. कोण एवढं उतावीळ झालंय म्हणून मी काडी हातात धरूनच दार उघडलं.

शेजारच्या पाटकरबाई. मला बाजूला सारून त्या आत धावल्या, बटण फिरवलं, खिडक्या फटाफट उघडल्या.

"काकी! जिन्यापर्यंत वास येतोय गॅसचा! तुम्हाला आला नाही?"

"सर्दी झालीय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. काडी होती. मी मूठ मिटली, ती आत मोडली.

"दिनेशला सांगू नका."

"नाही सांगत," त्या म्हणाल्या. "पण काकी, आमची पिंकी या भिंतीला टेकून अभ्यासाला बसते हो."

एवढं म्हणून त्या गेल्या. त्या भिंतीपलीकडे कुणी बसतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि लाजेची गोष्ट सांगते. त्यानंतरही मला जास्त भीती डब्याचीच वाटत होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी राखण होती. न जाण्याचं निमित्त मी शोधत होते. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, तर धाकट्या जावेने, ताराने, फोनवरच उडवून लावलं. "गुडघ्याने रस्सा ढवळतेस का गो वहिनी? मडकं मी भरीन, तू बसून कर." तारा आणि माझं चाळीस वर्षं असंच आहे. ती मला टाकून बोलते, मी तिला. तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरांच्या गावातलं. तिची मिठाची मूठ सैल. हे मला माहीत होतं. त्या दिवशी नेमकं तेच आठवायला उशीर झाला.

शहाडला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. दिराने, गणपतने, कोंबडा दगडापुढे आधीच कापला होता, ताराने मडकं भरलं होतं आणि पेंढा धडधडून पेटला होता. वैशाली साताऱ्याकडची. तिने पोपटी लग्नानंतरच पाहिली, म्हणून त्या दिवशीही ती लांब उभी राहून भांबुर्डीचा वास ओढून घेत राहिली. "काय वास आहे!" म्हणाली. मी विस्तवाच्या अगदी जवळ बसले होते. डोळ्यांत धूर गेला, पाणी आलं. नाकात काही आलं नाही.

मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र होऊन वाळला. म्हणजे झालं. गणपतने काठीने मडकं बाजूला घेतलं. परळ भरला होता. ताराने तो दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवला. "घे. तुझा मान."

मी निथळ निवू दिली, वरची चरबी पळीने काढली. कढई तारानेच आणली होती, लोखंडाची, काळी ठिक्कर. नेहमी मी ॲल्युमिनियमचा टोप न्यायचे, त्यात पिठाचा रंग दिसतो. त्या गडबडीत तो घरी राहिला. काळ्या कढईत पांढरं पीठ तांबूस झालं की काळं, हे दिसत नाही. ऐकावं म्हटलं तर पेंढा कडाडत होता आणि भिंतीपलीकडे कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं-पीं चाललं होतं. कढई दगडांच्या चुलीवर ठेवली, निम्मी चरबी घातली, लसूण ठेचून टाकला, पीठ टाकलं आणि ढवळत राहिले.

वैशाली शेजारी नारळ खवत होती. तिचा हात थांबला.

"आई, जळतंय."

"माहितीय."

"माहितीय तर ढवळताय काय? उतरवा ना!"

मी मान वर केली. वैशालीचं नाक आक्रसलं होतं. पलीकडे ताराने तोंडाला पदर लावला होता. दिनेशसुद्धा दगडापासून वळून बघत होता. वावरातल्या प्रत्येक नाकाला कळलं होतं, फक्त माझ्या नाही. आणि मी शांतपणे ढवळत बसले होते. वैशाली माझ्या तोंडाकडे बघत होती, कढईकडे नाही.

"आई," ती हळू म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही?"

"नारळ खव."

"कधीपासून?"

"नारळ खव म्हटलं ना."

तिने खवणी बाजूला ठेवली. कढई उतरवली, जळकं पीठ राखेत ओतलं, पेंढ्याच्या बोळ्याने कढई पुसली आणि परत चुलीवर ठेवली. ताराकडे पाठ करून म्हणाली, "अर्धी चरबी आहे अजून. टाका. पीठ टाका. कधी उतरवायचं ते मी सांगते."

मी टाकलं. दुसरं काय करणार होते?

"कच्चं आहे," वैशाली म्हणाली. ती माझ्या खांद्यावरून वाकली होती. "कच्चंच... अजून... आता भाजणीसारखं यायला लागलं. थांबा. थांबा. आता."

मी निथळीचं पाणी ओतलं. धार बारीक, हात न थांबवता, नाहीतर गुठळ्या होतात. ते चालू असतानाच माझ्या डाव्या हाताने मिठाच्या पानातून तीन चिमटी उचलल्या आणि टाकल्या. तो हात चाळीस वर्षं ते करत आला होता, त्याने मला विचारलं नाही. टाकल्यावर आठवलं. मडकं मी भरलं नव्हतं, ताराने भरलं होतं. निथळ म्हणजे पोपटीचं सगळं मीठ धुऊन खाली उतरलेलं. मी भरते तेव्हा हात आखडता ठेवते, म्हणून वर तीन चिमटी चालतात. ताराच्या मुठीवर आणखी तीन म्हणजे काय होणार?

"मीठ कसं आहे?" मी वैशालीला विचारलं.

तिने वाकून हुंगलं. "मस्त वास येतोय. मिठाचं कसं कळणार?"

तिचंही बरोबर होतं. ते शिकायला मला वर्षं लागली होती.

"मी चाखू?"

"तू नको," मी म्हटलं. "जिने केलं तिने चाखायचं नाही, आणि जिने केलं नाही तिने तर नाहीच."

दगडाकडून गणपतने हाक मारली, "वहिनी, झाला का गो? देव थांबलाय!"

माझं नाक गेलं होतं, जीभ गेली नव्हती. खारट, आंबट तिला अजून कळत होतं. एक थेंब पुरेसा होता. पण तो थेंब घेतला की उष्टं. नाही घेतला तर सगळ्यांसमोर देवाच्या पानावर मिठाचा खडा वाढल्यासारखं होणार, आणि मग पहिल्या घासालाच सगळं बाहेर येणार. दोन्हीकडून मान जाणारच होता. मग मला एक साधी गोष्ट सुचली. देवाला खारट देण्यापेक्षा उष्टं दिलेलं बरं. उष्टं त्याला कळायचं नाही. खारट मात्र कळेल.

मी पळीतला थेंब तळहातावर घेतला आणि चाटला.

जीभ आकसली. नुसती खाडी.

"भाताची पेज दे," मी वैशालीला म्हटलं. ती वाटीभर देऊ लागली. "सगळी ओत." पेजेने मीठ तुटतं आणि रस्सा पातळही होत नाही. तिने ओतली, मी ढवळलं, पुन्हा थेंब तळहातावर घेतला.

"वहिनी!"

तारा समोर उभी होती. "उष्टं केलंस? देवाचं उष्टं केलंस गो? एवढी वर्षं मला शिकवलंस, हात लावू नको, तोंड लावू नको, आणि आज तूच कुत्र्यासारखी चाटतेस?"

सगळे आले. दिनेश, गणपत. मी तो दुसरा थेंब आधी चाटून टाकला, कारण मीठ बरोबर झालं की नाही ते मला हवंच होतं. झालं होतं.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "दिवाळीपासून. मीठ कळेना म्हणून चाखलं. खारट होतं. तुझ्या मुठीमुळे."

"माझ्या मुठीमुळं!"

"आई," दिनेश म्हणाला, "वास येत नाही म्हणजे? काहीच येत नाही? गॅसचा?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण अर्धं सांगून झालं होतं, आणि अर्धं लपवलेलं पूर्ण लपवलेल्यापेक्षा जड असतं. म्हणून सगळं सांगितलं. दूध, काडी, पाटकरबाई, भिंत. पार्किंगमधली गाडी तेवढ्यात बंद झाली.

शेवटी गणपत म्हणाला, "आणा ते पान. दुसरी निथळ आता कुठून आणणार? देवाला दिसतंय सगळं, तो घेईल नायतर ठेवील." त्याने दगडापुढे पान ठेवलं आणि नारळ फोडला. मग आम्ही जेवायला बसलो. गणपतने रस्सा दोनदा घेतला. ताराने पानात घेतलाच नाही. कोरडा भात आणि शेंगा खाल्ल्या, माझ्याकडे न बघता. सासूचं वाक्य मला तेव्हा आठवलं.

घरी येताना शहाडच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. दिनेश समोर बघत बोलला. "पिंकी बसते त्या भिंतीला टेकून."

"माहितीय."

"माहितीय, माहितीय. तुला सगळं माहितीय."



डबा लागला. गार पोळ्या आणि पिवळं वरण, जसं वाटलं होतं तसंच, फक्त वरणात साखर असेल असं वाटलं नव्हतं. साखर होती. अडीच महिने मी तो खाल्ला. डॉक्टर म्हणाला, वास येईल हळूहळू. त्याचा अर्थ काय ते कळायला चौथीही शिकावी लागत नाही. मग एका रविवारी वैशालीने डबेवाल्याला नको म्हणून सांगितलं. गॅसचा वास धरणारी एक पांढरी पेटी आणून भिंतीवर लावून घेतली, गॅस सुटला की ती किंचाळते. माझं नाक आता भिंतीला टांगलेलं आहे. तरी घरात दुसरं माणूस असल्याशिवाय मी शेगडी पेटवत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच ठरवलं. ती पेटी पहिल्यांदा लावली त्या दिवशी मी तिच्याखाली बराच वेळ उभी होते. पिंकी पलीकडे मोठ्याने पाढे म्हणत होती. तिचा आवाज भिंतीतून एवढा स्पष्ट येतो हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या थंडीत राखणीला रस्सा ताराने केला. मान तिच्याकडे गेला, ते बरोबरच होतं. पण तिला सासूने टोपावर कधी वाकवली नव्हती, तिने नेहमी मडकी भरली आणि पेंढा लावला. माझ्यासारखं खारट होऊ नये म्हणून घाबरून तिने वर मीठच घातलं नाही, आणि मडक्यातही हात आखडला. रस्सा पार अळणी झाला. गणपतने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आजाऱ्याचं जेवण केलंस का गो?" तारा त्याच्याकडे अशी काही बघत होती की देवानेही पान उचलून पळावं. मी मुकाट्याने सगळं खाल्लं. मला चवीतलं निम्मंच कळतं आता, आणि त्या दिवशी कळण्यासारखं निम्मंही नव्हतं.

ट्रेमधलं तेल वर आलं. वैशालीने ते चमच्याने छोट्या कढईत काढलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. तारा. मी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, हात पिठाचे होते.

"वहिनी, पुढच्या रविवारी राखण. लवकर ये."

"मी लवकर येऊन काय करू? मान तुझा."

"मान माझाच. चाखायला ये."

मी कढईत पीठ टाकलं. वैशालीने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे बघितलं.

"देवाआधी?" मी विचारलं. "उष्टं होईल ना?"

"तू एकदा केलंस ना? तुला जे लागायचं ते लागून झालं. नाक तर आधीच गेलं होतं, आणखी काय न्यायचंय त्याने तुझं? मी कशाला नवीन पाप अंगावर घेऊ? तू चाख, मला सांग, मी मीठ घालीन."

"कच्चं आहे अजून," वैशाली म्हणाली.

"काय गो?" तारा म्हणाली.

"तुला नाही, पिठाला." मी ढवळत होते. उलथनं हलकं व्हायला लागलं होतं. "तारे, मी चाखलेलं तू खाशील का? त्या वर्षी पानाला लावून घेतलं नाहीस."

फोनमध्ये तिच्या अंगणातलं कोंबडं ओरडलं.

"मीठ बरोबर असलं तर खाईन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वैशाली कढईवर वाकली होती, नाक पुढे करून, डोळे मिटून. मी ट्रे हातात धरून थांबले.

"आता," ती म्हणाली. मी ओतलं.